आपली आरी, आपली रापी : चामड्याच्या कामाची अवजारे घरीच करा



सोयाबीन घरात आले, तूर शेतात उभी आहे, अशा दिवसांत संध्याकाळी हाताला थोडी सवड मिळते. त्या सवडीत बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा शिवता येतो, विळ्याला म्यान करता येते, चपलेचा निघालेला अंगठा बसवता येतो. हौस म्हणून हे काम शिकावे असे अनेकांना वाटते. पण शहरात मिळणाऱ्या तयार अवजारांच्या किमती ऐकल्या की हौस तिथेच विरते. खरे तर सुरुवातीला पाच-सहा अवजारे पुरतात आणि ती भंगारातून करता येतात. दुसरबीडसारख्या मोठ्या रस्त्यावरच्या गावात सायकल दुरुस्ती, वेल्डिंग आणि लोहारकामाचे भंगार मिळायला अडचण नाही.

टोचा : पोत्याची जाड दाभण घ्या. बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची वीतभर मूठ करा, तिला दाभणीपेक्षा किंचित बारीक भोक पाडा आणि दाभण ठोकून बसवा. मुठीच्या तोंडाशी तारेचे चार वेढे घट्ट द्या, म्हणजे लाकूड चिरणार नाही. टोक पाण्याच्या दगडावर घासून धारदार करा. हीच दाभण टोकाजवळ तिकोनी कानशीने जरा खाचली की आरी झाली. खाचेची कड गुळगुळीत हवी, नाहीतर दोरा तुटतो.

रापी : चामडे कापायची आणि कडा पातळ करायची ही मुख्य सुरी. वर्कशॉपमधल्या यांत्रिक करवतीचे तुटलेले पाते मिळाले तर उत्तम. ते मुळातच कडक असते, म्हणून भट्टीत घालू नका; फक्त सहाणेवर घासून धार काढा. हाताच्या करवतीचे पाते फार पातळ, ते या कामाचे नाही.

ते न मिळाल्यास जुनी कानस घ्या. लोहाराच्या भट्टीत ती लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवा, म्हणजे मऊ पडेल. मग हवा तो आकार देऊन पुन्हा तापवा. लालबुंद पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा झाला की ते योग्य तापले असे समजा आणि लगेच तेलात बुडवा. तेल लोखंडी भांड्यात घ्या, जवळ झाकण आणि वाळू ठेवा. भडका उडू शकतो. आता पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू तापवा. धारेवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग आला की पाण्यात घाला. रंग निळ्यावर गेला तर धार मऊ पडली. मग पुन्हा पहिल्यापासून.

भोक पाडायचा पंच : जाड भिंतीची पोलादी नळी चार बोटे कापा. तिचे एक तोंड फक्त बाहेरच्या बाजूने घासून धार काढा. जरा वर एका बाजूला खिडकी ठेवा, म्हणजे कापलेल्या चकत्या बाहेर पडतील. पंच मारताना खाली लाकडाचा ओंडका उभ्या रेषांचा हवा. लोखंडावर मारला की धार गेलीच. जस्ताचा मुलामा असलेली नळी तापवू नका, तिचा धूर बाधतो.

टाक्यांची खूण : पोलादी काट्याचा, म्हणजे जेवणाच्या काट्याचा उपयोग करा. त्याची टोके सारख्या लांबीची घासून काढा आणि कडेपासून 3-4 मिलिमीटर आत ओळीत दाबा. टाके आपोआप सारख्या अंतरावर पडतात.

शिवणीचा चिमटा : बांबूच्या हातभर लांबीच्या दोन फाका खालच्या टोकाला बांधा आणि वर चामडे धरून गुडघ्यांत दाबा. दोन्ही हात मोकळे राहतात.

आता शिवण. कापसाचे तीन-चार पदर एकत्र पिळून मधमाशीच्या मेणात ओढा. दोरा शिवणीच्या चौपट घ्या, दोन्ही टोकांना सुई लावा आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून ओवा. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. मशीनच्या शिवणीपेक्षा ही शिवण म्हणूनच टिकते. शेवटी कड ओली करून शिंगाच्या किंवा शिसमाच्या गुळगुळीत तुकड्याने घासा.

चामडे घेताना कापलेली कड पाहा. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे आत तपकिरी दिसते आणि पाणी पटकन पिते; हेच कडा घासायला आणि आकार द्यायला चांगले. आपल्याकडे बाभूळ आणि तरवड यांची साल, तसेच हिरडा, या कामी वापरत आले आहेत. क्रोमने कमावलेल्या चामड्याची कड बहुधा निळसर-करडी दिसते; ते मऊ असते, पण त्याची कड तशी घासली जात नाही.

एक इशारा मात्र पक्का ध्यानात ठेवा. फवारणी पंपाचा खांद्यावरचा पट्टा चामड्याचा करू नका. चामडे औषध शोषून घेते आणि धुतले तरी ते निघत नाही. घामाने भिजलेल्या खांद्यावर असा पट्टा दिवसभर राहिला तर विष अंगात जाण्याचा धोका असतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये. त्या पंपाला नायलॉनचाच पट्टा बरा. तसेच सहाणेच्या चाकावर काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादाचा कण डोळा घेतो.

शेवटी एक गोष्ट, अवजारांपेक्षा मोठी. हे काम आपल्या गावांत एका जातीच्या माथी मारले गेले आणि तिलाच हलके ठरवले गेले. मोटेचा नाडा, जुपणी, चपला सर्वांना लागत, पण करणाराला मान नव्हता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी चपला करण्याचे काम शिकून घेतले. त्यांचे मित्र कॅलनबाख ती कला एका मठात शिकून आले होते. गांधीजींनी केलेला एक जोड जनरल स्मट्स यांनी पुष्कळ वर्षे वापरला आणि 1939 साली परत पाठवला. आपल्या वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले, तेही या कामाला प्रतिष्ठा यावी म्हणूनच.

म्हणून आपली रापी तयार झाली की ती घेऊन गावातल्या चर्मकार कारागिराकडे जा. रापी कशी धरावी, चामडे कोणत्या बाजूने कापावे, हे त्याच्या हाताकडे पाहूनच कळते. शिकवल्याचे पैसे द्या आणि त्याला गुरू म्हणा. आपली हौस त्याच्या पोटावर येऊ देऊ नका. अवघड शिवण त्याच्याकडेच द्या. रीतसर शिकायचे असेल त्याने 1974 साली स्थापन झालेल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे चौकशी करावी.

पहिले काम विळ्याच्या म्यानाचे घ्या. चुकले तर टीचभर चामडे जाईल, साधले तर घरातल्या लेकराचे बोट वाचेल.