सातवा पिचर कोण?

मंडळी, संक्रांतीचा तिळगूळ संपला की गुढीपाडव्यापर्यंत आपल्याकडे तसा कार्यक्रमांचा दुष्काळच असतो. बाहेर बर्फ, आत हीटर. पण न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या आम्हा मेट्सवाल्या घरांना या दिवसांतही बोलायला विषय कमी पडत नाही. बेसबॉलचा एक सीझन मैदानावर संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो : कोण गेला, कोण आला, कोणाला किती दिले! अमेरिकन माणूस याला 'हॉट स्टोव्ह' म्हणतो. जुन्या काळी लोक गावच्या दुकानात शेगडीभोवती हात शेकत या गप्पा मारीत, त्यावरून हे नाव पडलं. गावाकडच्या पारावर बसलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

२०२५-२६ च्या हिवाळ्यात ही शेगडी जरा जास्तच पेटली. नोव्हेंबरात ब्रँडन निमो टेक्सासला गेला आणि बदल्यात मार्कस सेमिएन आला. डिसेंबरात एडविन दियाझने डॉजर्सशी ३ वर्षांचा, ६ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. ती बातमी पचते न पचते तोच पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला : ५ वर्षं, १५ कोटी ५० लाख. त्याच अलोन्सोने ऑगस्ट २०२५ मध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीला मागे टाकून मेट्सचा होमरनांचा विक्रम आपल्या नावावर केला होता. ज्या घरांतल्या कपाटात त्याच्या नावाचे टी-शर्ट आहेत, तिथे मुलांची समजूत घालताना आईबापांच्या नाकी नऊ आले. दहा वर्षांच्या मुलाला 'बाजारभाव' कसा समजावायचा?

मुलांच्या दुःखात आम्हीही सामील आहोत. पण शेगडीभोवतीच्या या गप्पांत सगळा वेळ पहिल्या दोन-तीन नावांवरच जातो, आणि आमच्या मते खरा प्रश्न खाली राहतो. तो प्रश्न असा : आपला सातवा पिचर कोण?

ज्यांना बेसबॉलपेक्षा क्रिकेट जवळचं आहे, त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. सीझन १६२ सामन्यांचा. प्रत्येकात ९ इनिंग, म्हणजे ढोबळमानाने १,४५० इनिंग कोणीतरी टाकायच्या. कसोटीत आपला फिरकी गोलंदाज दिवसभरात तीस षटकं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू हातात घेतो. इथला स्टार्टर मात्र नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. म्हणून प्रत्येक संघाला निदान पाच स्टार्टर लागतात. पाचही जण ठणठणीत राहिले आणि प्रत्येकाने १८० इनिंग टाकल्या, तरी बेरीज ९०० च होते. आणि पाचही जण ठणठणीत राहणं हे आजकाल लग्नाच्या पंगतीत सगळे वेळेवर जेवायला बसण्याइतकंच दुर्मीळ आहे.

कारण कोपर. ताशी ९५ मैलांनी चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या स्नायुबंधावर भयंकर ताण येतो. तो तुटला तर शरीरातल्या दुसऱ्या जागेची शीर घेऊन तिथे बसवावी लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया प्रथम केली, आणि तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर पुन्हा पिचिंग करायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्या लोकांना कुमार रॉकर हे नाव माहीत असेल, त्याची आई भारतीय वंशाची. मेट्सने २०२१ मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि मग वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सासने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये त्याची ही टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उभा राहिला. पिचरच्या हातावर पैसे लावणं म्हणजे काय, हे एवढ्या एका गोष्टीतून कळतं.

कधीकधी तर चेंडूही टाकावा लागत नाही. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्टो रिको जिंकल्यावर दियाझ सहकाऱ्यांबरोबर आनंदाने उड्या मारत होता. त्यात गुडघा गेला आणि मेट्सचा अख्खा सीझन त्याच्याशिवाय पार पडला.

आता २०२५ चं पाहू. त्याआधीच्या हिवाळ्यात मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. सोटोने पैसे वसूल करून दिले : ४३ होमरन, शिवाय ३८ चोरलेले बेस. अलोन्सोनेही आपलं काम चोख केलं. १२ जूनला संघाचे ४५ विजय आणि २४ पराभव होते, साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वांत उत्तम. त्या दिवशी कोदाई सेंगा पहिल्या बेसकडे धावताना मांडीच्या मागचा स्नायू धरून खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून संघ ओळीने सात सामने हरला.

सेंगा हा एकटाच असता तर निभावलं असतं. पण फ्रँकी मोंटास सीझन सुरू होण्याआधीच जखमी झाला होता. शॉन मनाया जुलैपर्यंत आलाच नाही. जूनमध्येच टायलर मेगिलचं कोपर आणि ग्रिफिन कॅनिंगच्या घोट्यामागची शीर गेली. १६० इनिंगच्या वर गेले ते दोघेच, डेव्हिड पीटरसन आणि क्ले होम्स. त्यातला होम्स तर आदल्या वर्षापर्यंत बुलपेनमधला, एकेक इनिंग टाकणारा. दोघांची बेरीज सुमारे ३३५. उरलेल्या अकराशे इनिंग कोणी टाकल्या? त्या वर्षभरात चाळिसाहून अधिक पिचरनी मेट्सचा गणवेश घातला. कित्येकांची नावं पाठ होईपर्यंत ते गेलेसुद्धा!

ऑगस्टच्या मध्यावर नोलन मॅक्लीन या पोराला वर आणलं आणि त्याने आठ सामन्यांत कमाल केली. मग जोना टाँग आणि ब्रँडन स्प्रोट आले. टाँगचा एक सामना तर पहिल्याच इनिंगमध्ये आटोपला. बावीस वर्षांच्या पोराला दोष कसा द्यायचा? शिडीच्या मधल्या पायऱ्याच मोडल्या होत्या, म्हणून त्याला थेट वरच्या पायरीवर उडी मारायला सांगितलं गेलं.

२८ सप्टेंबरला शेवटचा सामना मायामीत होता. मेट्स ४-० ने हरले. त्याच दिवशी सिनसिनाटीचा संघही हरला. दोघांचे ८३ विजय आणि ७९ पराभव, पण आपसातल्या सामन्यांत सिनसिनाटी वरचढ, म्हणून तो पुढे गेला आणि मेट्स घरी आले. म्हणजे १६२ मध्ये आणखी एकच सामना जिंकायला हवा होता. जुलैतल्या कुठल्याशा मंगळवारी सातव्या पिचरने पाच बऱ्या इनिंग टाकल्या असत्या, तर तो मिळाला असता. ७६ कोटींच्या फलंदाजाने तो सामना आणून देता आला नाही. त्यासाठी हवा होता साडेसात लाखांचा माणूस.

हा साडेसात लाखांचा माणूस कसा जगतो, ते आपल्यासारख्यांनी समजून घ्यायला हवं. मोठ्या लीगमधला किमान पगार २०२५ मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर होता, पण तो दिवसाच्या हिशेबाने मिळतो. जेवढे दिवस वर, तेवढ्याच दिवसांचा. संघात २६ जण, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. राखीव धरून यादी ४० जणांची. ज्याचे 'ऑप्शन' शिल्लक आहेत, त्याला २०२२ पासूनच्या नियमानुसार एका सीझनमध्ये पाच वेळा खाली पाठवता येतं. मेट्सच्या बाबतीत खाली म्हणजे सिराक्यूस, क्वीन्सपासून अडीचशे मैल. आज रात्री सिटी फील्डवर दोन इनिंग टाकायच्या आणि उद्या सकाळी बॅग भरायची. ऑप्शन संपले की यादीतून नाव काढतात आणि सात दिवसांत कोणी घेतंय का, याची वाट पाहतात. थोरामोठ्यांनाही हे चुकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सेंगा स्वतःच्या संमतीने सिराक्यूसला गेला होता.

आणि ही मंडळी दिवस मोजतात. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. अशी सहा वर्षं भरली की माणूस मोकळा, हव्या त्या संघाशी बोलणी करायला. सहा वर्षांचा हा आकडा वाचून आपल्यापैकी पुष्कळांना एच-वन व्हिसाचे दिवस आठवतील. फ्रीजच्या दारावरचं कॅलेंडर, बॅगा अर्धवट उघडलेल्या, भिंतीला खिळा ठोकावा की नको असा विचार. कोणाच्या तरी कागदावर आपलं नाव वर आहे की खाली, यावर घरातला दिवाणखाना अवलंबून. तुलना फार ताणायची नाही, कारण सीझनभर वर राहिलेला पिचर आपल्याहून कितीतरी श्रीमंत असतो. पण ती धाकधूक आम्हाला ओळखीची वाटते.

खोल संघ म्हणजे काय, हे मुंबईच्या क्रिकेटला पूर्वीपासून ठाऊक होतं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी ओळीने पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. आपण आठवण काढतो ती वाडेकर, सरदेसाई, गावसकरांची. पण १९७१ मध्ये ही मंडळी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असताना सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मागे उरलेल्यांनी अंतिम सामना जिंकला, तोही आपल्या महाराष्ट्राविरुद्ध! पद्माकर शिवलकर त्या संघात होते. बेदींच्या काळात जन्मल्यामुळे त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. पण १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. वरची जागा रिकामी नव्हती म्हणून थांबलेला माणूस असा असू शकतो. मुंबईचं सामर्थ्य पहिल्या अकरांत होतं त्याहून अधिक दारात उभ्या असलेल्यांत होतं.

म्हणून २०२६ च्या जानेवारीत मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा आला, तेव्हा आमच्या मंडळींत दोन तट पडले. पेराल्टा उत्तम पिचर, २०२५ मध्ये १७ विजय आणि २.७० ची सरासरी. संघाला पहिल्या क्रमांकाचा माणूस हवाच होता. पण त्याच्यासाठी स्प्रोट आणि जेट विल्यम्स ही दोन तरुण पोरं गेली, आणि ट्रेडच्या वेळी पेराल्टाचा करार त्या एका सीझनपुरताच होता. एक तट म्हणाला, आजचं आज बघा. दुसरा म्हणाला, बियाण्याचं धान्य दळू नका. आमचा कौल ट्रेडच्या बाजूने, पण कारण वेगळं. त्याच सौद्यात टोबायस मायर्स नावाचा पिचरही आला. बातमीत त्याचं नाव शेवटच्या ओळीत होतं. त्याने मिलवॉकीसाठी २०२४ मध्ये २५ सामने सुरू केले होते, आणि बुलपेनमधूनही तो टाकू शकतो. म्हणजे राखीवातला एक गेला, तसा एक आलाही. ज्याने कोणी ते दुसरं नाव सौद्यात घालून घेतलं, त्याला २०२५ चा जून आठवत असावा.

तेव्हा मंडळी, कोणत्याही हिवाळ्यात संघाची पारख करायची असेल, तर आमची पद्धत सोपी आहे. पहिली पाच नावं झाकून ठेवा आणि सहावं, सातवं, आठवं वाचा. त्यांच्यातले निदान दोघे मोठ्या लीगमध्ये टाकून आलेले आहेत का? निदान दोघांचे ऑप्शन शिल्लक आहेत का? आणि त्यातला एकतरी असा आहे का, की ज्याला घाईने वर आणावं लागणार नाही? तिन्ही उत्तरं होकारार्थी असतील, तर मोठ्या नावांवरून वाद घालायला हरकत नाही.

शेवटी एक सूचना. सात नंबरच्या गाडीने जॅक्सन हाइट्सला खरेदी करून सिटी फील्ड गाठणं, किंवा फ्लशिंगच्या गणपतीचं दर्शन घेऊन, डोसा खाऊन मॅचला जाणं आपल्याला नवीन नाही. पण चौघांच्या कुटुंबाला तिकिटं, पार्किंग आणि हॉट डॉग धरून तो खर्च जड जातो. यंदाच्या उन्हाळी सहलीसाठी कोनी आयलंडवरचा ब्रुकलिन सायक्लोन्सचा सामना ठेवावा, असं आम्ही सुचवतो. तिकीट स्वस्त, समुद्राचा वारा, आणि मेट्सची पुढची पोरं हातभर अंतरावर. घरात यांकी-भक्त असतील, तर त्यांच्यासाठी ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स आहेत, आणि बालाजी मंदिरही त्याच गावात. बुलपेनच्या कठड्यापाशी मुलांना उभं करा आणि वहीवर सही मागा. नाव ओळखीचं नसलं तरी चालेल, मुलांना ते नीट लिहून ठेवायला सांगा. दोन-तीन वर्षांनी एखाद्या मंगळवारी संघाला पाच इनिंग कमी पडतील, तेव्हा त्या वहीतलंच एखादं नाव पुकारलं जाईल.