फॉरमॅट मारण्याआधी

भोसरीतल्या एखाद्या टूलरूममध्ये डिसेंबरात जुळवलेला कॉम्प्युटर एप्रिलात अचानक दगा देऊ लागतो. मधल्या काळात त्याला कुणी हात लावलेला नसतो. नवं सॉफ्टवेअर नाही, नवा पार्ट नाही. तरी दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोठ्या डायचा टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, काढायला लावला की पडदा निळा होतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. सकाळी तेच काम बिनबोभाट पार पडलेलं असतं. बदललेली असते ती फक्त खोलीतली हवा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात थंडीतल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, एप्रिल-मेच्या दुपारी तो चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याच्याही वर जातो. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर आसपासच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हवा पंधरा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. ज्या कॉम्प्युटरचा वेग आधीच ताणून ठेवलेला आहे, त्याच्याकडे हे पंधरा अंश सोसायला जागा उरलेली नसते.

असा वेग ताणण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा गेम खेळणाऱ्या मुलांचा छंद, अशी समजूत आहे. पण या पट्ट्यात त्याला पोटापाण्याचंही कारण आहे. कॅडमध्ये मॉडेल बदलताना चालणारं बरंचसं गणित प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, बाकीचे कोअर तेव्हा रिकामेच असतात. म्हणजे डिझायनरला जास्त कोअर नकोत, एका कोअरचा वेग हवा. नामांकित कंपनीचं वर्कस्टेशन छोट्या युनिटला परवडत नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातून पार्ट आणून असेंबल केलेला गेमिंगचा पीसी टेबलावर येतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन आकडे बदलले की तो आणखी पळतो.

तो पळतो म्हणजे काय होतं? प्रोसेसरच्या आत एक ठेका सतत चालू असतो. चार गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये हा ठेका सेकंदाला चारशे कोटी वेळा पडतो. दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. तेवढ्या अवधीत लाखो ट्रान्झिस्टरमधून जाणारे संकेत पोहोचून स्थिरावले पाहिजेत. ठेका जलद केला की अवधी कमी होतो, आणि एखादा संकेत उशिरा पोहोचला तर शून्याच्या जागी एक वाचला जातो. संकेत लवकर पोहोचावेत म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं. इथे गणित महाग पडतं, कारण उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर उष्णता दहा किंवा वीस नाही, सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते.

ही गोष्ट चाकणच्या सीएनसी ऑपरेटरला वेगळी समजावून सांगायला नको. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९०७ साली कटिंग स्पीड आणि टूलचं आयुष्य यांचं समीकरण मांडलं. त्यानुसार कार्बाइड इन्सर्टची गती वीस टक्क्यांनी वाढवली तर त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आरपीएम फार वाढला की जॉबवर चॅटरच्या खुणा उमटतात, आणि ऑपरेटर पहिल्यांदा काय करतो? आरपीएम खाली आणतो. मशीन शांत झालं, की मग कारण शोधतो.

कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हे शहाणपण टेबलापर्यंत पोहोचत नाही. मशीन हँग होऊ लागलं की पहिला सल्ला येतो, "फॉरमॅट मारून बघा." दोष हार्डवेअरच्या ताणात असेल तर याहून वाईट सल्ला नाही. चुकीचं वाचणाऱ्या रॅममधून विंडोज नव्याने बसवली, तर ती बसतानाच खराब होते. शिवाय जुन्या फायली पुसल्या जातात त्या वेगळ्याच. कॉपी करताना एखादी फाइल अर्धवट बिघडली तर कुणाला कळतही नाही, आणि खरं भय तिथेच आहे. पडद्यावर निळा रंग आला की निदान बिघाड दिसतो. चुकून बदललेला एक आकडा मशीनला आज्ञा देणाऱ्या जी-कोडमध्ये बसून व्हीएमसी मशीनपर्यंत गेला, तर तो स्टीलच्या ब्लॉकवरच दिसतो.

आपलं मशीन ताणलेलं आहे हे मालकाला माहीतच नसणं, हाही जुना प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टमधले प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २००५ साली एक हकिगत लिहिली. जगभरातून येणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याला असे काही रिपोर्ट सापडले, जे घडणंच अशक्य होतं. मेमरीला हातही न लावणाऱ्या, फक्त एक रजिस्टर शून्य करणाऱ्या सूचनेवर विंडोज कोसळलेली दिसत होती. संबंधितांना विचारलं की मशीन ओव्हरक्लॉक केलंय का? कुणी हो म्हटलं. काहींनी उलट विचारलं, "ओव्हरक्लॉक म्हणजे काय?" फोनवरून सेटिंग तपासली तेव्हा त्यांचीही मशीन ताणलेली निघाली. छोट्या दुकानदारांनी स्वस्तातली चिप वेगाने पळवून वेगवान कॉम्प्युटर म्हणून विकली होती. त्याच कंपनीच्या संशोधकांनी पुढे सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरच्या नोंदी तपासून २०११ साली अभ्यास प्रसिद्ध केला. एका उत्पादकाच्या प्रोसेसरमध्ये नेहमीच्या वेगावर दर चारशे मशीनमागे एक प्रोसेसरच्या चुकीमुळे कोसळत होतं. ओव्हरक्लॉक केलेल्यांत दर एकवीसमागे एक.

म्हणून बिघाड शोधताना पहिलं काम बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ सेटिंगवर आणण्याचं. मशीन इतकं अडलं असेल की बायोसही उघडत नाही, तर वीज तोडून, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की जुनं सेटिंग पुसलं जातं. मग त्याच दुपारी, त्याच उकाड्यात, तेच काम पुन्हा लावायचं. मूळ वेगावर मशीन दिवसभर टिकलं तर दोष ताणात होता. मूळ वेगावरही पडलं तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देण्यात अर्थ नाही. शोध दुसरीकडे वळवायला हवा. एवढी एक विभागणी केली तरी अर्धं काम होतं.

पण 'मूळ' या शब्दावर विसंबताना जरा थांबलं पाहिजे. मदरबोर्ड बनवणाऱ्याचा डिफॉल्ट आणि प्रोसेसर बनवणाऱ्याचा डिफॉल्ट एकच असतो असं नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्सनी हे महागात पडून शिकवलं. २०२३-२४ मध्ये या चिप्सवर गेम कोसळू लागले, आणि ग्राफिक्स कार्ड धडधाकट असूनही व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येऊ लागला. अनेक मदरबोर्डांनी विजेच्या मर्यादा आपणहून सैल केलेल्या आढळल्या, तेव्हा इंटेलने आपलं शिफारस केलेलं सेटिंग वापरायला सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही. चिपच्या आतला मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे चिपमधल्या घड्याळाच्या सर्किटची झीज होत होती, हे इंटेलने २०२४ च्या जुलै ते सप्टेंबरदरम्यान टप्प्याटप्प्याने जाहीर केलं. ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजून गेलेली चिप मात्र नव्या बायोसने बरी होत नाही. या पिढ्यांची चिप ज्यांच्याकडे आहे त्यांनी बायोस अद्ययावत आहे का, हे आजच पाहावं. बिघाड सोसलेल्या अनेक मालकांनी स्वतः कुठलाही आकडा बदललेला नव्हता.

मशीन मूळ वेगावर टिकलं, तर ताण परत द्यायचा, पण एका वेळी एकच. इथे बहुतेक जण घाई करतात. रॅमचा वेग, प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज एकदमच बदललं, तर मशीन पडल्यावर कुणाचा दोष हे सांगता येत नाही. कारखान्यात बिघाडाच्या मुळापर्यंत जाताना 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायला शिकवतात. इथेही दर बदलाची तारीख, आकडा आणि परिणाम वहीत लिहिला की चौथ्या दिवशी उत्तर आपोआप दिसू लागतं.

सुरुवात रॅमपासून केलेली बरी, कारण रॅमचा ताण लोकांना ताण वाटतच नाही. डब्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम घरी आणून लावली की बहुधा २१३३ किंवा २४००लाच चालते. तिला ३२०० वर नेण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं, आणि तेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे. एका क्लिकवर होतं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. रॅम तपासायला ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेलं मेमटेस्ट८६ आजही कामाला येतं. पेन ड्राइव्हवरून ते विंडोजच्या बाहेर चालतं, मेमरीच्या प्रत्येक घरात आकडे लिहून परत वाचतं. रात्रभर चालवल्यावर एक जरी चूक निघाली तरी तो निकाल नापास. मग एकेक पट्टी वेगळी लावून पुन्हा चाचणी. गुरुवारी या पट्ट्याला साप्ताहिक सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री चाचणी लावून जायचा मोह होतो. पण महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात आणि वीज जाते. आठवड्यातली दुसरी एखादी रात्र बरी.

प्रोसेसरसाठी प्राइम९५ वापरतात. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या एका गणिती मोहिमेचं हे सॉफ्टवेअर, मर्सेन नावाच्या अवाढव्य मूळ संख्या शोधणारं. त्यातली चाचणी प्रोसेसरला अशी गणितं घालते ज्यांची उत्तरं आधीच माहीत असतात, आणि उत्तर चुकलं की लगेच थांबते. या एका गोष्टीमुळे ती मोलाची आहे. टूलपाथ काढणाऱ्या सॉफ्टवेअरला बरोबर उत्तर आधी माहीत नसतं, म्हणून ते चुकलेलं उत्तरही निमूटपणे पुढे पाठवतं. मशीन कोसळलं नाही पण प्राइम९५ने चूक दाखवली, तर ते मशीन उत्पादनाच्या कामाला लावू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी साठत असतील तर हार्डवेअर आपल्या चुका स्वतःच कळवतं आहे. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद मात्र फार काही सांगत नाही. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढाच तिचा अर्थ.

चाचणी चालू असताना तापमानावर डोळा हवा. बऱ्याच आधुनिक चिप ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे वेग वाढवण्यासाठी केलेला सगळा खटाटोप तिथेच फुकट जातो. कॅबिनेट उघडल्यावर दिसणारी धूळ या पट्ट्यात नुसती धूळ नसते. ग्राइंडिंगजवळच्या खोलीत तिच्यात लोखंडाची बारीक पूड मिसळलेली असते, कूलंटच्या तेलकट वाफेने ती हीटसिंकच्या पात्यांना चिकटते, आणि ही पूड वीजवाहक असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा आणि हवेत पाणी नाही ना, हे पाहावं. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत ते असतं.

काही मशीन उकाड्याला पुरून उरतात आणि तरी पडतात, तीही ठरावीक क्षणी: शेजारी वेल्डिंग सुरू झालं किंवा पॉवर प्रेसची मोटर उचलली की. इथे संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर, आणि लाइनवर घ्यावा. एसएमपीएसमधून येणारं बारा व्होल्टचं आउटपुट ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवं. ताणलेला प्रोसेसर आधीच जास्त वीज ओढतो. त्यात लाइन क्षणभर खाली गेली की स्वस्त एसएमपीएस ती कसर भरून काढू शकत नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं, कॉम्प्युटरला वेल्डिंगपासून वेगळी लाइन आणि यूपीएस द्यावा. एसएमपीएस उघडून दुरुस्त करायला जाऊ नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

एवढं करूनही वर्ष-दोन वर्षांनी तेच जुनं, वहीत 'टिकलं' म्हणून लिहिलेलं सेटिंग पडू लागलं, तर ती झीज आहे. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेखाली चिपच्या आतल्या वाहिन्या व ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होतात, आणि त्याच वेगासाठी आणखी व्होल्टेज मागू लागतात. ते वाढवत नेलं तर झीज आणखी वाढते. इथे वेगच खाली आणावा लागतो.

२०११ च्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, त्याची चर्चा कमी झाली: मूळ वेगापेक्षा किंचित कमी वेगाने चालवलेली मशीन सर्वांत कमी कोसळली. भोसरीतल्या टूलरूमसाठी हिशेब साधा आहे. ५.२ वरून ४.९ गिगाहर्ट्झवर आलेल्या मशीनवर वीस मिनिटांचा टूलपाथ निघायला सव्वाएकवीस मिनिटांच्या आसपास लागतात.