यंत्राची सांखळी ‘वाढते’ म्हणजे काय ?

मालवणच्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंडास लवकर गंज चढविते. गिरणीच्या किंवा सायकलीच्या सांखळीस मात्र वरच्या गंजाहून आंतली झीज अधिक घातक असते.

१८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनोल्ड यांनीं या रोलरच्या सांखळीचें पेटंट घेतलें. ती कालांतरानें लांबते, ती लोखंड ताणल्यामुळें नव्हे. प्रत्येक सांध्यांतील पिन व तीवरील नळी परस्परांवर घासून झिजतात, आणि ती बारीक झीज कडीगणिक सांचत जाते. म्हणून डोळ्यांवर न विसंबतां माप घ्यावें.

यंत्र बंद करून, वीज तोडून, सांखळी ताठ करावी व २० कड्यांचें अंतर पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावें. कडी २५.४ मिलिमीटरची असेल, तर नव्या सांखळींत तें ५०८ मिलिमीटर भरतें. तें ५२३ झालें, म्हणजे शेंकडा ३ वाढ झाली, कीं सांखळी बदलावी. चाकें सरकवून ताण देण्याची सोय नसेल, तर ५१६ झाल्यावरच. पुढें ती दांत्यांवर चढून उसळते आणि तुटल्यास जवळच्या माणसास इजा करते.

जुन्या सांखळींत नव्या कड्या जोडूं नयेत. दांते आंकड्यासारखे झाले असल्यास चाकही बदलावें. नाहींतर नवी सांखळी लवकर झिजते. तेल सांध्याच्या आंत पोंचेल असें घालावें.