गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही

हापूसच्या पेट्या मुंबईस रवाना होतात, कांहीं दिवसांनीं दलालाची पट्टी हातीं येते, आणि बागायतदाराचा हंगाम संपतो. आपला आंबा कोणीं खाल्ला, तो त्यास आवडला कीं नाहीं, पुढील सालीं तो पुन्हा मागेल काय, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या पट्टींत नसतें. माल आपला, परंतु गिऱ्हाईक दुसऱ्याचें, अशी ही स्थिति आहे.

सन २०१६ मध्यें महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजारसमितीच्या नियमनांतून मुक्त झाला. पुढें २०२० च्या टाळेबंदींत कोकणांतील अनेक बागायतदारांनीं पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत थेट पेट्या पोहोंचविल्या. व्हॉट्सॲप व फेसबुक यांचा त्या कामीं मोठा उपयोग झाला. ही गोष्ट उत्तमच झाली. परंतु त्या गिऱ्हाइकांचीं नांवें व पत्ते आज कोणाच्या वहींत आहेत, हा प्रश्न आम्ही वाचकांस विचारूं इच्छितों.

खंडानें घेतलेल्या रानांत जो आपल्या खर्चानें विहीर खणतो, त्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. समाजमाध्यमांवर जमविलेले अनुयायी हें असेंच खंडाचें रान होय. मालक दुसरा, अटी त्याच्या. आपण लिहिलेला मजकूर किती जणांस दाखवावा हेंहि तोच ठरवितो. ऑर्कुट हें एके काळीं घरोघरीं माहीत असलेलें माध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलांत सामान्य लोकांस बंद झालें. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्या बंदीची योग्यायोग्यता हा येथें आमचा विषय नव्हे. ज्यांच्याजवळ आपल्या प्रेक्षकांचे पत्ते नव्हते, त्यांनीं जमविलेला समुदाय एका रात्रींत विखुरला, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

ई-मेलची गोष्ट निराळी आहे. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीं. पोस्टाच्या पत्राप्रमाणें एका कंपनीच्या खात्यावरून दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर तिचें पत्र जातें. पत्रें पाठविण्याची सेवा बदलली तरी पत्त्यांची यादी आपणाजवळ राहते व तिची प्रत घरच्या संगणकांत ठेवतां येते. ही यादी म्हणजे आपल्या नांवचा सातबारा होय.

परंतु कोणीहि शहाणा मनुष्य आपला पत्ता उगाच देत नाहीं. त्यास प्रथम आपण कांहीं दिलें पाहिजे. हा विचार नवा नव्हे. अमेरिकेंतील डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीनें १८९५ सालीं शेतकऱ्यांकरितां ‘द फरो’, म्हणजे नांगराचें तास, या नांवाचें नियतकालिक सुरू केलें. फ्रान्समधील मिशेलिन या टायरच्या कंपनीनें १९०० सालीं मोटारवाल्यांस एक मार्गदर्शिका फुकट वाटली. तींत टायर बदलण्याची रीत, दुरुस्तीचीं व मुक्कामाचीं ठिकाणें दिलीं होतीं. दोघांनींहि आधीं उपयोगाचें ज्ञान दिलें. विक्री मागाहून आली.

आंब्याच्या बागायतदारानें काय द्यावें? चार पानांची एक पुस्तिका पुरे. गिऱ्हाईक जे प्रश्न दरसाल विचारतें, त्यांचींच उत्तरें तींत असावीं. हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पांच जिल्ह्यांच्या फळास लागू आहे. घरीं पेंढ्यांत अढी कशी घालावी. कच्चें फळ शीतकपाटांत कां ठेवूं नये. कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्यास कायद्यानें मनाई कां आहे. आणि बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळांत साका कां निघतो, हें सर्व प्रामाणिकपणें लिहावें. आपल्या मालाचा दोष लपविणाऱ्या पुस्तिकेवर कोणाचा विश्वास बसत नाहीं.

पुस्तिकेची जाहिरात मोहोराच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारींतच सुरू करावी. फेब्रुवारीच्या एखाद्या सकाळीं मोहोराचें छायाचित्र फेसबुक वा इन्स्टाग्रामवर देऊन खालीं पुस्तिकेंतील एकच उपयुक्त सूचना लिहावी, व शेष पुस्तिका जो आपला ई-मेल पत्ता नोंदवील त्यास विनामूल्य पाठविली जाईल असें सांगावें. नोंदणीच्या अर्जांत नांव, पत्ता व गांव यांहून अधिक कांहीं विचारूं नये. प्रश्न वाढले कीं माणूस अर्धवट अर्ज सोडून जातो. प्रत्येक पेटींत त्याच अर्जाचा क्यूआर कोड छापलेली चिठ्ठी ठेवावी; कारण ज्यानें आपला आंबा चाखला आहे, त्याच्यासारखा मोलाचा पत्ता दुसरा नाहीं.

येथें आमच्याच एका चुकीचा दाखला देणें इष्ट वाटतें. एका प्रदर्शनांत बक्षिसाच्या सोडतीकरितां लोकांनीं आपले पत्ते लिहून दिले. आम्हीं त्या सर्वांस न विचारतां भावपत्रकें धाडलीं. मागणी फारशी आली नाहीं. रागाचीं उत्तरें मात्र आलीं. सोडतीकरितां दिलेला पत्ता भावपत्रकाकरितां दिलेला नव्हता, हें आम्हांस तेव्हां कळलें. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचें तत्त्वहि हेंच आहे: ज्या कामाकरितां संमति घेतली, त्याच कामाकरितां माहिती वापरावी, आणि संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असावें. यास्तव पुस्तिकेबरोबर पुढें हंगामाचीं पत्रेंहि येतील, हें अर्जावरच स्पष्ट लिहावें, व प्रत्येक पत्राच्या तळाशीं नांव काढून घेण्याची सोय ठेवावी. पत्रें नकोशीं झालेल्यांच्या तक्रारींचें प्रमाण हजारीं तीनच्या खालीं राहावें, असा जीमेलचा दंडक आहे. तो मोडल्यास चांगलीं पत्रेंहि लोकांपर्यंत पोहोंचत नाहींत.

कोणी म्हणेल कीं, आमचीं गिऱ्हाइकें ई-मेल उघडीतच नाहींत, त्यांस व्हॉट्सॲपच हवें. हें पुष्कळ अंशीं खरें आहे. अशा गिऱ्हाइकांचा फोन नंबर त्यांच्या संमतीनें त्याच वहींत नोंदवावा. साधन कोणतेंहि असो, नोंद आपल्या हातीं असावी, एवढाच आमचा आग्रह आहे. महिन्यास एक पत्र पुरे: मोहोर कसा आहे, अवकाळी पावसानें काय झालें, पहिली तोड केव्हां होईल. आणि पीक गेलें असेल तर तेंहि लिहावें.

कलम लावल्यावर दुसऱ्याच वर्षीं कोणी पेट्या मोजावयास बसत नाहीं. ही यादीहि तशीच हळूहळू वाढते. परंतु पट्टींत दर पडल्याचें वाचतांना, थेट लिहितां येईल अशीं शंभर घरें ज्याच्या वहींत आहेत तो बागायतदार, आणि ज्याच्या वहींत एकहि नाहीं तो, या दोघांचें बळ सारखें नसतें. पुढील मोहोरापूर्वीं वाचकांनीं ती वही उघडावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.