सात लाख माणसं, दहा लाख वाटा

आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ७,०८,९७२. समजा, बेला-जैनथपासून उटनूरपर्यंत यातल्या प्रत्येकाने एकच रोल-प्लेइंग गेम खेळायला घेतला. त्यात निवड करायच्या जागा फक्त २०, आणि दर वेळी पर्याय दोनच: चोराला सोडायचं की पकडून द्यायचं, मित्राला वाचवायचं की गावाला. एवढ्यावर वाटा होतात १०,४८,५७६. जिल्ह्यातल्या कुणाचीही वाट दुसऱ्या कुणाशी जुळली नाही, तरी ३,३९,६०४ वाटा उरतात.

आता प्रत्येक वाटेला वेगळा शेवट द्या, अगदी मिनिटभराचा. सगळे शेवट नुसते पाहायचे म्हटलं तरी रात्रंदिवस ७२८ दिवस बसावं लागेल. निवडी २० ऐवजी ३३ केल्या, तर वाटांचा आकडा ८५८ कोटींच्या वर जातो. पृथ्वीवर तेवढी माणसंही नाहीत. ते शेवट पाहायला १६ हजारांहून जास्त वर्षं लागतील.

म्हणून गेम बनवणारे फाटे फुटू देतात आणि पुढे पुन्हा एकत्र आणतात. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. गेमच्या कथाही अशाच वाहतात. यात फसवणूक नाही. प्रश्न एवढाच, की गोदावरीपाशी पोहोचलेल्या पाण्यात पैनगंगेची काही खूण उरते का?

‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात, २००७ साली, घेतलेले निर्णय पुढच्या भागांत सोबत येत होते. २०१२मध्ये तिसरा भाग संपला तेव्हा खेळाडूंसमोर आले मुख्यतः तीन शेवट, लाल, निळा आणि हिरवा, आणि दिसायला बरेचसे सारखेच. लोक संतापले. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. तो संताप मला रास्त वाटतो. पाच वर्षं जपलेल्या निर्णयांची शेवटी कुणी विचारपूस तरी करायला हवी होती.

दुसऱ्या टोकाला २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’. बनवणाऱ्यांनी सांगितलं, शेवटाचे प्रकार १७,०००. आकडा थरारक आहे, पण जरा हिशेब करा. एकेक मिनिटाचे १७,००० स्वतंत्र शेवट म्हणजे २८३ तास, आणि अख्ख्या गेममधली चित्रित दृश्यं त्यांच्याच सांगण्यानुसार सुमारे १७४ तासांची. म्हणजे हे १७,००० शेवट तुकड्यांच्या जुळणीतून होतात: हा सोबती जगला की मेला, ती कुठे गेली, सत्ता कुणाकडे राहिली.

मला ही जुळणीच खरी हुशारी वाटते. १९९७च्या ‘फॉलआउट’ने तिची ताकद दाखवून दिली होती. तिथे शेवटी एकेका वस्तीचं पुढे काय झालं, ते वेगवेगळं सांगितलं जातं. हीच रीत आदिलाबादला लावून पाहा. १२ गावं घ्या, प्रत्येकाची भवितव्यं तीन, आणि प्रत्येकाचं निवेदन एका मिनिटाचं. ध्वनिमुद्रण करायचं फक्त ३६ मिनिटांचं, आणि त्यातून शेवट तयार होतात ५,३१,४४१. बेल्यातल्या खेळाडूला त्यातली १२ मिनिटंच ऐकू येतील. पण दुसऱ्या तासाला ज्या गावची विहीर त्याने वाचवली, त्या गावाचं नाव त्या १२ मिनिटांत येईल, आणि तिथे पाणी राहिलं की नाही, हेही.