अठरा औट त्रेसष्ट

चांदवडला आलेल्या गणिताच्या शिक्षकाने रेणुकामातेचे दर्शन घ्यावे, होळकरांचा रंगमहाल पाहावा आणि मग बाजार समितीत जाऊन कांद्याचा लिलाव ऐकावा. पहिल्या दोन गोष्टी कोणीही सुचवेल. तिसरीची शिफारस माझी. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत असतो, कोणी दोन-चार कांदे हातात घेऊन पत्ती बघतो आणि बोली चढत जाते. चौदाशे, साडेचौदाशे, पंधराशे, पंधराशे एक्कावन्न, पावणेसोळाशे. पावणेसोळाशे म्हणजे १५७५, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बापाबरोबर ट्रॉलीवर बसून आलेल्या चौथी-पाचवीतल्या पोरालाही ते कळते. त्याच पोराला शाळेत तीन छेद चार म्हणजे किती ते चित्रातून दाखवायला सांगितले, की त्याचा हात थांबतो. पाऊण त्याला पाठ आहे, पण फळ्यावरचा ३/४ हाच तो पाऊण, हे त्याला कोणी जोडून दिलेले नसते. गणिताची भाषा आणि गणिताचे तंत्रज्ञान यांवर मी वर्षानुवर्षे जे वाचत आणि बघत आलो, ते सगळे फिरून या एका जोडणीपाशी येते.

याच बाजारात एका आजोबांना मी विचारले होते, साडेतीन क्विंटल माल, अठराशेचा भाव, तर किती झाले? ते म्हणाले, "सहा हजार तीनशे. अठरा औट त्रेसष्ट, त्यात काय गुरुजी." नातवाने मोबाइलवर करून पाहिले. तेवढेच आले.

औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत बे ते तीसच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे असत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणणारा मुलगा दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा असे म्हणत वर जाई. पावकी तर मला गणित शिकवण्याच्या दृष्टीने फारच सुंदर वाटते. चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन, आठ पाव दोन. छेद नाही, अंश नाही, लसावि काढणे नाही. तरी मुलगा पाव-पावने बेरीज करत पूर्णांक ओलांडतो आणि पुढे जातो. संख्यारेषेवरची चाल पुस्तकात फार नंतर येते, ती इथे तोंडात आधीच बसलेली असते.

हे पाढे बाजाराच्या गरजेतून आले होते. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे, अशा मापांत पाव आणि निम्मे सतत लागत. चांदवडला तर होळकरांच्या काळात टांकसाळच होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि हिशेब दशांशात गेला. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर औटकीही शाळेतून गेली, याची मला मनापासून हळहळ वाटते. पाव आणि पाऊण काही गेले नाहीत. भाजीवाल्या मावशी आजही अडीचशे ग्रॅमला पावशेर म्हणतात. दीडशे, अडीचशे, पाऊणशे, सव्वा लाख हे शब्द मराठी माणूस दिवसभर वापरतो. शाळेत मात्र ते अपूर्णांकांच्या धड्यात क्वचितच दिसतात.

साडेतीनाचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण घेतो. औट हाताचा देह आपण म्हणतो. मुहूर्त साडेतीन, आणि त्यांतला अर्धा म्हणजे ऐन दिवाळीतला पाडवा, व्यापाऱ्यांच्या नव्या वहीचा दिवस. शक्तिपीठे साडेतीन, आणि त्यांतले अर्धे पीठ म्हणजे आमच्याच नाशिक जिल्ह्यातली वणीची सप्तशृंगी. पूर्णांकावर न थांबता अर्ध्यालाही मान देणारी ही मोजणी आपल्या घराघरांत आहे. मिश्र अपूर्णांक शिकवताना शिक्षकाला याहून चांगली सुरुवात कुठे मिळेल?

बाजार, गणित आणि मराठी यांचे नाते किती जुने आहे, हे पाहायचे तर चाळीसगावजवळच्या पाटणला जावे. चांदवडहून मनमाड, नांदगाव करत तिकडे जाता येते. तिथल्या पाटणादेवी परिसरातला शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देणगीचा व्यवहार जिथे येतो तिथे भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला दिले, अशी ती नोंद आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलायचा आणि ते बाजाराला कळेल अशा भाषेत दगडावर कोरायचे! आठशे वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेने मी जितका भारावून गेलो, तितका कुठल्या स्मार्ट क्लासरूमने गेलेलो नाही.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जार्विस यांच्या पुढाकाराने इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आली, पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिती शिक्षक झाले, शाळा गावोगाव पोचल्या आणि १९६७ ला बालभारती स्थापन झाली.

आता २०१९ कडे येतो. त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' आणि त्र्याहत्तरबरोबर 'सत्तर तीन' अशी वाचने आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही विषय गाजला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष तेव्हा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरे सहा-सात वर्षांच्या मुलाला जड जातात. शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. सत्तावीस ऐकून मूल आधी ७ लिहिते, मग २, आणि वहीत ७२ उमटतात. पहिली-दुसरीच्या वर्गावर उभे राहिलेल्या प्रत्येक शिक्षकाने हे पाहिले आहे. त्यातून एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्या दशकातून एक वजा. नव्व्याण्णवला मात्र तोही नियम नाही. कानडीत इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. तेलुगू-तमिळमध्येही तोच क्रम आहे. मंगलाताईंवर तेव्हा झालेली टीका मला अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. जुने शब्द त्यांनी काढले नव्हते. चढायला एक पायरी ठेवली होती. मुलाला दशक-एकक समजले की एकवीस आपोआप त्याच्या तोंडी येतो, कारण घरी आणि बाजारात तोच आहे.

यंत्रांमुळे भाषेतली मोजणी बदलल्याचे उदाहरण नॉर्वेचे आहे. तिथेही आपल्यासारखेच 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोन केंद्रात क्रमांक तोंडी सांगताना घोटाळे होत, म्हणून टेलिफोन खात्याने क्रम बदलायला सुचवले आणि संसदेच्या निर्णयाने १९५१ पासून शाळांत 'वीस एक' आले. जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यात त्यानंतरही राहिली. जर्मन लोक अजून एकक आधीच बोलतात आणि त्यांची मुलेही अंक उलटे लिहितात.

आपल्याकडे शाळेतले तंत्रज्ञान म्हटले की पडदा आणि टॅब आठवतात. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, पुढे राज्याच्या सगळ्या पुस्तकांवर तो आला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कोरोनात, जुलै २०२० पासून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' मालिका सह्याद्री वाहिनीवर लागली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथेही टीव्हीवरून मराठीतून गणित पोचले. जिओजेब्रा हे तर माझे लाडके साधन. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ मध्ये सुरू केले, ते फुकट आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे मराठी पाठही आहेत. पडद्यावर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोनांची मापे भराभर बदलतात आणि बेरीज १८० वर ठाम राहते. पाचवी-सहावीतली मुले त्रिकोण पार चपटा होईपर्यंत ओढतात आणि बेरीज तरीही हलली नाही म्हणून पुन्हा ओढतात. हे खडूने दाखवता येत नाही.

अडचण सेमी इंग्रजीत होते. मराठी शाळेत राहून गणित तेवढे इंग्रजीतून, अशी सोय आता चांदवड तालुक्यातल्या पालकांनाही हवी असते. पुढे सायन्सला जायचे तर इंग्रजी लागतेच, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मी पाहिले आहे की 'थ्री बाय फोर' बिनचूक म्हणणारी मुलगी पाऊण लिटर दूध मापून आणते आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिच्या गावीही नसते. इंग्रजी संज्ञा जरूर शिकवाव्यात, पण त्या पाऊणच्या शेजारी बसवून. ॲप करणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. पडद्यावर १५७५ दिसले तर कानावर पंधराशे पंच्याहत्तर यावे, आणि त्याच्याच शेजारी पावणेसोळाशेही.

राहूड घाटाकडच्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत हे काम सुरू झाले आहे. तिथल्या बाईंनी मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून पाढे मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायला सांगितले. मालेगावकडून आलेल्या एका आजींनी मध्येमध्ये अहिराणीत समजावत पावकी म्हटली, ती सगळ्या वर्गाला आवडली. मुले रेकॉर्डिंग ऐकतात, वहीत प्रत्येक ओळ ३/४, १ १/४ अशी अपूर्णांकात लिहितात, मग दशांशात ०.७५, १.२५ करतात आणि शेवटी कॅल्क्युलेटरवर ताडून बघतात. मी गेलो तेव्हा दिडकी संपत आली होती. अडीचकी पूर्ण येणारे आजोबा गावात सापडले आहेत. त्यांचे रेकॉर्डिंग दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले आहे, आणि औटकीसाठी बाई अजून विचारपूस करत आहेत. बाजारातल्या त्या आजोबांच्या गावाचे नाव मी त्यांना कळवले आहे.