जितकी ओढ, तितकी पकड

उन्हाळे लागले की घरात पहिला सल्ला ठरलेला : भरपूर पाणी पी. सल्ला रास्तच आहे; मूत्राशय वरचेवर रिकामं झालं की पुष्कळसे जंतू वाहून जातात. जे उरतात, ते मात्र मोठे चिवट.

मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा जिवाणू असतो. एरवी तो आतड्यात बिनबोभाट नांदतो. त्याच्या अंगावर केसांसारखे धागे असतात, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे. प्रत्येक धाग्याच्या टोकाला ‘फिमएच’ हे प्रथिन असतं. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या प्रथिनांना मॅनोज नावाची साखर जोडलेली असते. ती फिमएचच्या खोबणीत अचूक बसते.

इथवर सरळ आहे. पण २००२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना उलटंच काही दिसलं : प्रवाहाचा जोर वाढवला की ही पकड सुटण्याऐवजी घट्ट होते. पुढच्या प्रयोगांत मॅनोजचा थर दिलेल्या पृष्ठभागावर हे जिवाणू मंद प्रवाहात गडगडत पुढे सरकले आणि जोर वाढताच जागच्या जागी थबकले. अगदी सरकफासासारखं!

फिमएचचे दोन भाग असतात. ते एकमेकांना टेकलेले असताना खोबणी सैल राहते. लघवीच्या धारेने जिवाणू खेचला गेला की दोन भाग दुरावतात आणि खोबणी साखरेभोवती आवळते. शिवाय धागा मुळात स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असल्याने उलगडत लांबतो आणि हिसका सोसतो. धार थांबली की पकड सैल, जिवाणू पुढे सरकायला मोकळा.

आपलं शरीरही कमी नाही. मूत्रपिंडं युरोमोड्युलिन हे मॅनोजयुक्त प्रथिन लघवीत सोडतात. जिवाणू त्यालाच धरून बसतात आणि त्याच्यासोबत बाहेर जातात. मग मॅनोजची पूड खाऊन तेच का साधू नये? ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर याची चाचणी झाली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले : खोट्या पुडीच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक नाही. मला याचं फारसं नवल वाटलं नाही. सुट्या रेणूला ओढ कसली बसणार? सैल खोबणीतून तो सहज निसटतो.

म्हणून आता मॅनोजसारखेच, पण ओढीवाचूनही खोबणीत घट्ट रुतणारे रेणू घडवले जात आहेत. उंदरांमध्ये त्यांनी संसर्ग आटोक्यात आणला आहे. त्यांनी जिवाणू मरत नाही, फक्त त्याला धरायला काही मिळत नाही.